जीभ वर कर

रेवस
४ एप्रिल २०२४

आत्या,
जयभीम.

तुझी अट पाळते आहे. पंधरवड्याला एक पत्र, स्वतःच्या अक्षरात, कोणालाही न दाखवता. सिद्धेश म्हणतो, तुझ्या आत्याला फोनवर ऐकू येत नाही म्हणून हा खटाटोप. मी म्हटलं, तसं नाही, तिला माझं अक्षर बघायचं असतं. वेड्यांच्या इस्पितळात जन्मभर नर्स होती, अक्षरावरून तिला माणूस कळतो. तेव्हापासून तुझा जावई तुला वचकून आहे.

फोन अजून त्याच्याकडेच असतो. मीच दिलाय. डिसेंबरात त्या फोनवरून काय काय केलं ते आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं. रात्रभर जागून ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना फोन. शेवटी जेट्टीवर उभी राहून लाँचने मुंबईला, भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लोकांपुढे भाषण ठोकलं आणि कानातले काढून कुठल्याशा बाईला देऊन टाकले. सिद्धेश त्याच लाँचवर कामाला. सगळ्यांच्या देखत त्याला मला धरून घरी आणावं लागलं.

आता अलिबागच्या डॉक्टरांच्या लिथियमच्या गोळ्या सुरू आहेत, सकाळ-संध्याकाळ. झोप लागते. डोकं ताळ्यावर आहे. हात जरासे थरथरतात, पण तेवढं चालतं असं डॉक्टर म्हणाले. जूनमध्ये शिकवायला परत घेऊ असं बालवाडीच्या मुख्य बाई म्हणाल्या आहेत. मला त्या पोरांची फार आठवण येते गं. जूनपर्यंत मी नीट राहिले म्हणजे झालं.

सासूबाई माझ्यावर जीव टाकतात. ‘माजी सून मला पयल्यासारकी हवी हाय,’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. माझ्यासाठी त्या काय काय करतात ते तुला सांगितलं तर तू भडकशील, म्हणून सांगत नाही.

एक विचारू? तुझ्या वेळी माझ्यासारख्या बायकांचं काय करायचे? खरं सांग. गोड करून सांगू नकोस.

तुझी,
प्रज्ञा

•

तळा
११ एप्रिल २०२४

चि. प्रज्ञा,
जयभीम.

अक्षर पाहिलं. थोडं हलतं, ते गोळीचं आहे. ओळी सरळ आहेत, डिसेंबरातल्यासारख्या वर चढत नाहीत. पास केलं तुला.

सासूबाईंचं काय ते मला कळतं. कुठला तरी अंगारा-धुपारा चालू असणार. तुझ्या आजोबांनी छप्पन साली हे सगळं घराबाहेर काढलं आणि तू लग्न करून पुन्हा त्यातच जाऊन बसलीस. असो. अंगारा लावल्याने कोणी मरत नाही. गोळी चुकवू नकोस म्हणजे मिळवली.

गोड करून सांगू नकोस म्हणतेस, तर ऐक. मी शहात्तर साली लागले तेव्हा कायदा होता १९१२ सालचा, इंग्रजांचा. त्याच्या लेखी पेशंट नव्हतेच, वेडे होते. मॅजिस्ट्रेटचा हुकूम घेऊन पोलीस बाई आणून सोडायचे. नातेवाईक पत्ता देऊन जायचे आणि त्या पत्त्यावर पाठवलेलं कार्ड परत यायचं. उवा होतात म्हणून आल्या आल्या केस कापायचे. सगळ्यांना एकाच मापाचा जाड झगा. जेवण झालं की चमचे परत आले का ते बघेपर्यंत कोणाला उठू द्यायचं नाही. शॉक देताना भूल मिळेलच असं नव्हतं, आम्ही चौघी-पाच जणी हातपाय धरून असायचो. माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. घरी आले तरी कमरेला हात जायचा.

चंद्राबाई म्हणून एक होती. रात्रभर गाणी म्हणायची, झगे फाडायची. तिला लिथियम सुरू केलं तेव्हा आम्हाला कोणालाच भरवसा नव्हता. एका सकाळी तिने माझ्याकडे कंगवा मागितला आणि केस एवढेसे राहिलेले बघून रडायला लागली. त्या दिवसापासून मी त्या गोळीला मानते.

पण गोळी पोटात गेली तर उपयोग. अर्धी नोकरी आमची त्यातच गेली. पाण्याचा पेला हातात घेऊन रांगेपुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘जीभ वर कर. गाल दाखव.’ पेशंटवर विश्वास ठेवलेली नर्स फसलीच म्हणून समज. आणि तू तोंड वाकडं करू नकोस. जानेवारीत माझ्याकडे राहायला होतीस तेव्हा अबोलीच्या कुंडीत गोळ्या कोणी पुरल्या होत्या?

आता काळ बदलला. सतरा सालच्या कायद्यात पेशंटला विचारल्याशिवाय काही करायचं नाही असं आहे. आमच्या वेळी हे असतं तर किती बायका घरी गेल्या असत्या कोण जाणे.

चौदा तारखेला जयंतीला ये. मटण करते. सिद्धेशरावांना सुट्टी नसेल तर एकटी ये, एसटीत बसवून द्या म्हणावं.

तुझी आत्या,
जयमाला

•

रेवस
२२ एप्रिल २०२४

आत्या,

जयंतीला आले नाही. रागावू नको. पोट बिघडलं होतं, अजून आहे. उन्हाळा फार आहे. तहान तहान होते आणि पाणी प्यायलं की मळमळतं.

हात जास्त हलतात. भाकरी थापता येत नाही. हे पत्र मी काल सुरू केलं काल सुरू केलं आणि आज पुरं करते. तोंडात लोखंडाची चव. सुकटीचा वास सुद्धा आता आवडतो पण सुकट नाही खात. ते जाऊ दे.

घरात सांगितलं की सगळे एकमेकांकडे बघतात. काल अंगणात पाय अडखळून पडले. सिद्धेशने उचललं. शेजारची म्हणाली पुन्हा सुरू झालं वाटतं. मी म्हटलं डोकं नाही, पाय. डोकं बरं आहे माझं.

आत्या, गोळी थोडे दिवस बंद केली तर चालेल का. थोडेच दिवस. मला वाटतं ती गोळी मला सोसत नाही. तू विचार कर. तू सांगितलंस तर सिद्धेश ऐकेल.

प्रज्ञा

•

तळा
२७ एप्रिल २०२४

प्रज्ञा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ओळी खाली उतरल्या आहेत, एकच वाक्य दोनदा लिहिलं आहेस, अर्धे काने गायब. असं अक्षर मी खूप पाहिलंय. गोळी सुटली की असंच होतं.

खरं सांग, कधीपासून टाकते आहेस गोळ्या? जयंतीला आली नाहीस तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. माझ्यासमोर यायची तुझी छाती झाली नाही. ‘सोसत नाही’, ‘पोट बिघडतं’, ‘थोडेच दिवस’, यातलं एकही वाक्य मला नवं नाही. वॉर्डातली प्रत्येक बाई हेच म्हणायची, आणि तसंच तोंड करून.

गोळी बंद होणार नाही. मला पुन्हा विचारू नकोस. बालवाडी हवी ना तुला? मग निमूटपणे गीळ. मी तुझ्या भल्याचं सांगते आहे. तुझी आई गेल्यापासून तुला मी वाढवलं, तुझी प्रत्येक सबब मला पाठ आहे.

सोबत सिद्धेशरावांना चिठ्ठी आहे. ती त्यांना द्यायची, फाडायची नाही.

आत्या

(सोबतची चिठ्ठी)

श्री. सिद्धेशराव यांस,

प्रज्ञा गोळ्या लपवते असा माझा पक्का संशय आहे. यापुढे दोन्ही वेळची गोळी तुम्ही स्वतःच्या हाताने द्या. घोटभर पाणी पाजा. मग जीभ वर करायला सांगा, दोन्ही गाल बघा, टॉर्च लावून. रडली, हातापाया पडली तरी विरघळू नका. गोळी ओकून टाकली तर दुसरी द्या. हे कठीण जातं, पण हेच तिच्या हिताचं आहे.

जयमाला

•

रेवस
३ मे २०२४

ती. आत्यांस,
सा. न.

तुमचा फोन वाजतो पण उचलला जात नाही. शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे नाही. म्हणून माझा मित्र विनेश मोटरसायकलने तळ्याला निघालाय, त्याच्याच हाती हे देतो. उत्तर त्याच्याच हाती द्या. मी दुपारच्या फेरीवर आहे, मधे रेंज नसते.

तुमच्या चिठ्ठीप्रमाणे गोळी माझ्या हाताने देतो आहे. टॉर्च लावून जीभ बघतो. खोटं सांगत नाही, तिच्या तोंडात एकदाही गोळी सापडली नाही. ती गिळतेच. पहिल्या दिवशी म्हणाली, ‘सिद्धेश, नको रे, मी मरेन.’ मी तुमचं ऐकलं. दोनदा ओकली म्हणून दुसरी दिली.

पण ती सुधारत नाही. काल सकाळपासून नीट उभी राहत नाही, धरलं तरी दारू प्यायल्यासारखी झुलते. जीभ जड झाली आहे. हातपाय मधेच उडतात. आज मला तिने ‘दादा’ म्हटलं. मी कोण ते तिला कळलं नाही, आत्या.

माझे मामा आले आहेत. त्यांचं म्हणणं, हे डॉक्टरचं काम नाही. घाटावर एका बाबाकडे नेऊ, तिथे साखळीला ठेवतात पण माणूस ठिकाणावर येतो. उद्या पहाटे गाडी सांगितली आहे. मला पटत नाही, पण गोळी देऊनही हे होतंय तर दुसरं काय करू? तुम्हीच काय ते सांगा. तुम्ही नको म्हणालात तर मी मामांच्या आडवा उभा राहीन.

आईने तर आपल्याकडून काहीच कमी केलं नाही. पाडव्याला गावदेवीला कौल लावला होता. देवीने उजवा कौल दिला, म्हणजे होकार. सून बरी होईपर्यंत दोघींनी अळणी खायचं असा नवस आई बोलली. तेव्हापासून दोघींच्या तोंडात मिठाचा कण नाही. प्रज्ञाला मटण, सुकट, लोणचं सगळं बंद. ती तुम्हाला सांगू नका म्हणाली होती, दोन घरांत वाद नको म्हणून. आई रडत विचारते, ‘येक दिस बी मोडला न्हाय रं, मी बी तिच्यासंगती अळणीच खाते, मंग देवी का कोपली?’

विनेश खोळंबलाय, इथेच थांबतो.

आपला,
सिद्धेश

•

तळा
३ मे

सिद्धेश,

गोळी बंद. आजची संध्याकाळची देऊ नका. एकही देऊ नका.

तिला वेड लागलेलं नाही. तिच्या अंगात विष झालंय. लिथियम लघवीवाटे बाहेर पडायला अंगात मीठ लागतं. मीठ तोडलं की गोळी आतच साचत जाते. त्यात हा उन्हाळा, जुलाब आणि ओकाऱ्या.

बाबाकडे नाही. पहाटेची वाट बघायची नाही. आत्ता मिळेल ते वाहन करून अलिबागच्या सरकारी दवाखान्यात. ती गुंगीत असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नका, ठसका लागेल. कुशीवर झोपवून न्या. गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या. डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: लिथियम चालू आहे आणि पाडव्यापासून मीठ बंद आहे. ‘मानसिक पेशंट आहे’ यापासून सुरुवात केलीत तर ते तिचं डोकं तपासत बसतील. रक्तातलं लिथियम तपासा म्हणावं.

शेजारच्या हर्षद गुरुजींच्या फोनवरून तुम्हाला लावतो आहोत. बंद येतोय. विनेश पाणीही न पिता परत निघालाय, वाटेतून तोही लावत राहील. मामा आडवे आले तर ही चिठ्ठी त्यांच्या तोंडावर मारा. मी मिळेल त्या एसटीने अलिबागला निघते.

जयमाला

•

रेवस
२६ मे २०२४

आत्या,
जयभीम.

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. अक्षर बघून काही ठरवू नकोस. हात अजून माझ्या ताब्यात पुरता नाही, पण डोकं आहे, आणि ते तेव्हाही होतं.

सलाईनची ती खोली मला अर्धवट आठवते. तू पायाशी बसलेली आठवतेस. तू माझे पाय चोळत होतीस आणि रडत होतीस, आणि मला वाटलं होतं मी मेले. नंतर डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर किडन्या गेल्या असत्या, कदाचित मीही. चालताना अजून तोल जातो. जूनमध्ये बालवाडी नाही. दिवाळीनंतर बघू असं तिथल्या बाई म्हणाल्या आहेत.

आता जे लिहिते ते शांतपणे वाच.

मी तुला सांगितलं होतं. गोळी सोसत नाही, पाय अडखळतात, डोकं बरं आहे. असंच्या असं सांगितलं होतं. तूच लिहिलं होतंस ना, नव्या कायद्यात पेशंटला विचारतात? मग मला कोणी विचारलं? तू विचारलंस ते एवढंच, की कधीपासून टाकते आहेस. सिद्धेश टॉर्च लावून माझ्या तोंडात बघायचा. तो रोज म्हणायचा, जीभ वर कर, आणि मान फिरवायचा. एकदा वेडी ठरले की मग माझ्या पोटाचं दुखणंसुद्धा वेडाचंच, असं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं.

मी मिठाचं लपवलं, ती माझी चूक. तू भडकशील आणि सासूबाईंचा पाणउतारा करशील अशी मला भीती होती. आणि झालं काय? दवाखान्यात दहा माणसांत तू तेच केलंस. ‘तुम्ही माझ्या पोरीला मारायला निघाला होतात,’ हे मी गुंगीत असूनही ऐकलं. त्या पदर तोंडात धरून भिंतीला टेकून बसल्या.

अजून तशाच आहेत, आत्या. मला मीठ घालून भात भरवतात आणि स्वतः अळणीच खातात. व्रत कशाला आता म्हटलं तर म्हणतात, ‘माज्या हातनं तुज्या जिवावर बेतलं, मला मीठ खायाचा हक न्हाय.’ उन्हात शेताच्या बांधावर काम करतात आणि परवा चक्कर येऊन पडल्या. तुझ्या चिठ्ठीचं त्यांना कोणी सांगितलेलं नाही. सिद्धेश सांगत नाही, तुझा मान राखतो. त्यांना वाटतं सगळं एकट्या त्यांच्यामुळे झालं.

तू मला तळ्याला न्यायला येते आहेस असं हर्षद गुरुजींचा निरोप आला. येऊ नकोस. मी इथेच राहणार आहे. डॉक्टरांनी नवीन गोळी सुरू करण्याआधी माझ्यासमोर दोन नावं ठेवली, कुठलीने काय त्रास होतो ते सांगितलं आणि तुला कुठली हवी म्हणून मला विचारलं. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं. मी निवडली. रोज घेते. माझी मी.

मला पत्र नको लिहूस. लिहायचंच असेल तर त्यांना लिही.

प्रज्ञा

•

तळा
१ जून २०२४

विहीणबाई धोंडूबाई यांस,
जयमालाचा नमस्कार.

तुम्हाला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. हे पत्र प्रज्ञाने वाचून दाखवावं. कुठेही थांबू नये, कुठलाही शब्द गाळू नये.

दवाखान्यात मी तुम्हाला जे बोलले ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं मी गिळलं, कारण ते माझ्याविषयी होतं. ते आज सांगते.

मीठ तोडल्याने गोळी अंगात साचली, हे खरं. पण ते तुम्हाला कळण्यासारखं नव्हतं. तुम्ही देवीला विचारलंत, आणि जे सुनेला सोसायला लावलंत ते स्वतःही सोसलंत. प्रज्ञाने मला बावीस एप्रिलला लिहिलं की ही गोळी मला सोसत नाही, बंद करू का. तुमची सून स्वतःचा जीव वाचवायला माझ्याकडे आली होती. मला लिथियमचं सगळं शिकवलेलं होतं. तहान, जुलाब, लोखंडाची चव, तोल जाणं, सगळं तिच्या पत्रात होतं. कुठल्याही नव्या पोरीने ओळखलं असतं. मी ओळखलं नाही, कारण मी ते दुखणं म्हणून वाचलंच नाही, वेडीची सबब म्हणून वाचलं. मीच सिद्धेशरावांना चिठ्ठी धाडली की तिच्या जिभेखाली टॉर्च लावून बघा, रडली तरी गोळी द्या, ओकली तर दुसरी द्या. त्यांनी माझ्या शब्दाला मान देऊन दिल्या. त्यांनी तुम्हाला हे सांगितलेलं नाही. तुमच्या मुलासारखा जावई मिळाला हे माझं नशीब, पण माझं पाप तुम्ही वाहायचं हे मला चालणार नाही.

त्या दिवसांत प्रज्ञावर जे बेतलं त्यात तुमचा हात होता तर माझा त्याहून मोठा होता. तुम्ही नकळत केलंत. मी शिकून-सवरून केलं, आणि वर तुम्हालाच चार माणसांत बोलले. त्याबद्दल मी तुमचे पाय धरते. वयाने मी मोठी असले तरी धरते.

वॉर्डाच्या किल्ल्या मी २०१२ साली निवृत्त होताना जमा केल्या. हाताची सवय मात्र गेली नाही. ज्या बायकांना मी ‘जीभ वर कर’ म्हणत आले त्यांतल्या किती जणी मला खरंच काही सांगत होत्या, हे मला आता कधीच कळणार नाही. ते माझं मी बघेन.

तुम्हाला मात्र एक विनंती आहे. देवीला तुम्ही सून बरी होईपर्यंतचं बोलला होतात. ती बरी आहे. तिच्या पत्रात तिने मला असं काही झापलंय की तिच्याइतकं शहाणं माणूस मला दुसरं दिसत नाही. तेव्हा तुमचा शब्द पुरा झाला. उन्हात राबून अळणी खाल तर तुम्हीही आडव्या व्हाल, आणि मग त्या घरात तिची काळजी घेणारं कोण?

मी बोलावल्याशिवाय येणार नाही. कधी यायचं ते प्रज्ञा ठरवेल.

प्रज्ञा, पत्र इथे संपलं. आता उठ आणि सासूबाईंना जेवायला वाढ. मीठ घातलेलं वाढ. पण आधी त्यांना विचार.

जयमाला